मेफ्लाय एका दिवसाची नसते

गैरसमज : मेफ्लाय एकच दिवस जगते.

पावसाळ्यात भीमेकाठी दिव्यावर किडे जमले, की सिद्धटेकपासून राशीनपर्यंत कुणी ना कुणी हे सांगतंच. वर क्षणभंगुर आयुष्याचा सुविचारही जोडतं. यात दोन चुका आहेत.

पहिली : वळिवानंतर दिव्यावर झेपावणारे किडे बहुतेक वेळा पंख फुटलेल्या वाळवीचे असतात. चार सारखे पंख आणि सकाळी अंगणात गळालेल्या पंखांचा खच, ही त्यांची खूण. मेफ्लाय बसली की पंख पाठीवर उभे मिटते. मागे दोन-तीन लांब तंतू असतात.

दुसरी चूक मोठी. एखाद्या दिवसाचं असतं ते पंख फुटल्यानंतरचं आयुष्य. त्याआधी ती निम्फ, म्हणजे बिनपंखी पिल्लू, म्हणून पाण्याच्या तळाशी शेवाळ खरवडत, पुन्हापुन्हा कात टाकत वाढते. कोमट पाण्यात काही आठवडे ते महिने, थंड प्रदेशात काही जाती दोन वर्षंसुद्धा. पंख फुटल्यावर तोंड निकामी होतं, खाणं संपतं. ॲरिस्टॉटलने एका दिवसाच्या किड्याची नोंद केली होती, हे खरं. पण डच अभ्यासक यान स्वामरडाम यांनी 1675 मध्ये मेफ्लायवर पुस्तक लिहून तिचं पाण्यातलं दीर्घ आयुष्य मांडलं. साडेतीनशे वर्षांनंतरही आपण अर्धीच गोष्ट का सांगत बसतो?

ट्राउट हा थंड पाण्यातला मासा गळाने धरणाऱ्यांनी उरलेली अर्धी गोष्ट ओळखली, कारण ट्राउटचं बरंचसं खाणं पाण्याखालीच होतं. इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे रक्षक फ्रँक सॉयर यांची गळावर बांधलेली नकली निम्फ पाहा. त्यांनी दोरा वापरलाच नाही. गळावर तांब्याची बारीक तार गुंडाळून छातीजवळ उंचवटा करायचा. फेझंट नराच्या शेपटीच्या पिसाचे तंतू घेऊन त्यांची टोकं शेपटीसारखी मागे सोडायची, तंतू तारेसोबत पिळून पुढे गुंडाळायचे आणि छातीवर मागे-पुढे दुमडायचे. पाय बांधायचे नाहीत. पोहणारी निम्फ पाय अंगाशी घेते, हे सॉयर यांनी निरखलं होतं. ही निम्फ प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायची, बुडू द्यायची आणि माशाजवळ आली की काठीचं टोक हळूच उचलायचं. निम्फ वर निघाली असं समजून मासा झडप घालतो.

आता बाकीचे गैरसमज.

'फ्लाय (गळावर बांधलेला असा नकली किडा) तरंगतेच.' कोरडी फ्लाय तरंगते. निम्फ बुडवण्यासाठीच बांधतात.

'गळाला खरा किडा लावतात.' नाही. पिसं, तार, दोरा, लोकर अशा वस्तू.

'उजनीत ट्राउट लागेल.' नाही. त्याला बारमाही थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. म्हणून ब्रिटिशांनी तो काश्मीर आणि निलगिरीत सोडला. आपल्याकडे चिलापी, रोहू, कटला.

'पाण्यात किडे म्हणजे पाणी घाण.' मेफ्लायच्या बाबतीत बहुधा उलट. तिच्या अनेक जातींना प्रदूषण सोसत नाही, म्हणूनच नदीचं आरोग्य तपासताना तिच्या निम्फ मोजतात.

पाणी ओसरलं की वाहत्या धारेतला दगड उलटून पाहा. पोटाच्या दोन्ही कडांना थरथरणारे कल्ले दिसले, तर ती निम्फ. दगड होता तसा ठेवा. वाळू उपसून आणि सांडपाणी सोडून आपण ज्या तळाची वाट लावतो, तिथेच तिचं जवळपास सगळं आयुष्य जातं. तिची कणव येत असेल, तर तो तळ जपा.