अपघात रस्त्यातच मिटवू नका

दुचाकीला गाडीची धडक बसते, माणूस कपडे झटकत उठतो आणि जमलेल्या गर्दीतून सल्ला येतो, "कशाला पोलीस-कोर्टाच्या फंदात पडता? पाच हजार घ्या, जागेवर मिटवून टाका." सांगणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण बरगडीची चीर किंवा मेंदूतला रक्तस्राव कधीकधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतो. तोवर गाडी निघून गेलेली असते आणि तिचा नंबरही कोणी टिपलेला नसतो.

या सल्ल्यामागे बहुतेकदा एक भला गैरसमज असतो: "ड्रायव्हर गरीब आहे, त्याच्याकडून काय घ्यायचं?" गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो नेमका यासाठी. विमा चालू असेल तर भरपाई साधारणपणे विमा कंपनी भरते, ड्रायव्हरच्या खिशातून ती जात नाही. त्याच्याकडे वैध लायसन्स नसलं, तरी कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावेत, असे आदेश न्यायालयांनी अनेकदा दिले आहेत.

तरीही दावा टिकतो तो कागदांवर, आणि त्यातला पहिला कागद दवाखान्यात तयार होतो. घाईघाईत आणलेल्या जखमीच्या केसपेपरवर "गाडीवरून पडल्याने मार" एवढंच लिहिलं जातं. धडक देणाऱ्या वाहनाचा उल्लेखच नसतो. पुढे विमा कंपनीचा वकील त्याच ओळीवर बोट ठेवून विचारतो, "हे तर स्वतःच पडले, आमच्या गाडीचा संबंध काय?" म्हणून सोबत गेलेल्याने डॉक्टरांना नीट सांगावं: कोणत्या वाहनाने, कुठे, किती वाजता धडक दिली. नंबर ठाऊक असेल तर तोही सांगावा आणि पोलिसांना कळवणारी एमएलसी नोंद झाली का, ते विचारावं.

घटनास्थळाच्या पंचनाम्याचंही तसंच. ब्रेकच्या खुणा किती लांब आहेत, काचा रस्त्याच्या कोणत्या बाजूला पडल्यात, वाहनं कोणत्या दिशेला तोंड करून आहेत, यावरून चूक कोणाची ते पुढे ठरतं. वाहनं हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती मागून घ्यावी.

"पोलीस केस झाली म्हणजे भरपाईचं बघतील तेच" हा समज मात्र महागात पडतो. फौजदारी खटला वेगळा, भरपाईचा दावा वेगळा. पोलिसांनी अपघाताचा अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो, पण त्यावर विसंबून बसू नये. १ एप्रिल २०२२ पासून दावा अपघातानंतर सहा महिन्यांत दाखल करण्याची मुदत कायद्यात पुन्हा आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, तरी ती पाळणंच शहाणपणाचं. दावा अपघाताच्याच जिल्ह्यात करावा लागतो असंही नाही. मुंबई-गोवा महामार्गावर अपघात झाला आणि कुटुंब लातूरला राहत असेल, तर लातूरला दावा करता येतो. फौजदारी खटल्यात ड्रायव्हर निर्दोष सुटला तरी दावा आपोआप बुडत नाही, कारण इथे पुराव्याची कसोटी तितकी कडक नसते.

"चूक आपलीही होती" म्हणून गप्प बसणारे पुष्कळ. आपल्या चुकीचा वाटा सिद्ध झाला तर तेवढी रक्कम कापली जाते, सगळा हक्क जात नाही. दुचाकीवर तिघे होते एवढ्यावरून अपघातात त्यांचा दोष धरता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे.

जागेवर मिटवण्यात किती गमावलं जातं, ते एका काल्पनिक हिशोबातून बघा. पस्तीस वर्षांचा, महिना २०,००० कमावणारा रिक्षाचालक दुसऱ्याच्या चुकीने दगावला. मागे बायको, दोन मुलं, आई. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांतल्या सूत्राने भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून उत्पन्न २८,००० होतं. स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की २१,०००, म्हणजे वर्षाला २,५२,०००. या वयासाठी १६ ने गुणलं की ४०,३२,०००. अंत्यविधी वगैरेंची रक्कम वेगळी. अशा घरासमोर कोणी पन्नास हजार ठेवून कागदावर सही मागतं, तेव्हा मला चीड येते. पगार नसलेल्या गृहिणीच्या कामाचंही मोल न्यायालय धरतं, हे तर कित्येक घरांना माहीतच नसतं.

धडक देणारं वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तरी मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार सरकारी योजनेतून मिळतात. अर्ज महसूल खात्याच्या अधिकाऱ्याकडे करायचा. शिवाय मे २०२५ पासून लागू झालेल्या योजनेत ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवस, दीड लाखांपर्यंत कॅशलेस उपचारांची सोय आहे. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण आहे. नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची त्याच्यावर सक्ती नाही.

वकील गाठताना "मिळेल त्यातले इतके टक्के" असा करार करू नका. निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलांना नियमानेच मनाई आहे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड लवकर होते, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून वरच्यासारखा हिशोब आधी वकिलाकडून लिहून घ्या आणि मगच सही करा.