एका पायावरून

मुंबईकराला ॲनोफिलीस स्टीफेन्सी हे डासाचं नाव ठाऊक नसेल, पण त्याचा प्रताप ठाऊक असतो. गच्चीवरच्या टाकीत, विहिरीत वाढतो, शहरात मलेरिया पसरवतो. 1911 साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियावर अहवाल दिला आणि विहिरींवर जी संक्रांत आली, ती याच्यापायी. हाच डास आता आफ्रिकेतल्या शहरांत शिरलाय हे वाचलं आणि इथिओपियात दिरे दावाला गेलो.

तिथली डास तपासणारी लॅब म्हणजे एक खोली, दोन टेबलं. तरुण तंत्रज्ञ सकाळीच पाण्याच्या पिंपांतून अळ्या काढून आली होती. अळी बघून जात सांगणं कठीण. तिचा डास होईपर्यंत दिवसच्या दिवस थांबायचं आणि मग सूक्ष्मदर्शकात पंखांवरचे ठिपके, सोंडेजवळचे पट्टे बघत बसायचं. नवखी नजर त्यातही फसते. आता नव्या चाचणीला अळीचा तुकडा किंवा डासाचा पाय पुरतो. तिने चिमट्याने एका डासाचा पाय इतक्या बेताने सोडवला, की बाकीचा डास पाच पायांवर शाबूत. पाय कुटून त्याचा अर्क गुलाबी द्रावणात सोडला, नळी 65 अंशांवर अर्धा तास ठेवली. द्रावण पिवळं झालं तर स्टीफेन्सी, गुलाबीच राहिलं तर दुसरा कोणी.

“शेजारच्या जिबूतीत 2012 मध्ये मलेरियाचे रुग्ण किती होते, माहितेय? 27,” ती म्हणाली. त्याच वर्षी तिथे हा डास सापडला. 2020 मध्ये रुग्ण 73 हजारांवर. सगळं पाप याच्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही, पण 27 हा आकडा काही डोक्यातून जाईना. जिबूतीची रेल्वे दिरे दावावरूनच जाते. 2022 मध्ये इथेही मलेरियाची साथ आली, तीही ऐन कोरड्या दिवसांत, जेव्हा इथला जुना डास मंदावलेला असतो. याला पावसाची गरजच काय? घरोघरी पिंपं भरलेली.

नळी पिवळी झाली. “तुमच्याकडचा!” ती हसली. मी उगाचच ओशाळलो.

तिने वहीत गल्लीचं नाव लिहिलं. तिचं काम चोख होतं. मला पुढच्याची शंका होती. पिंपं झाका, आठवड्याला रिकामी करून घासा, असं सांगायला दुसऱ्या दिवशी माणूस जाणार होता. त्या गल्लीत नळाला रोज पाणी येतं का, असं मी विचारलं.

“रोज आलं असतं तर पिंपं कशाला भरली असती?” ती म्हणाली आणि पुढच्या डासाचा पाय सोडवायला लागली.