राखणदाराची राखण

मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या मंडळींना आमचे तळेरे ठाऊक असते ते फाटा म्हणून. इथून एक रस्ता वैभववाडीवरून गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूरला जातो, दुसरा विजयदुर्गाच्या किल्ल्याकडे उतरतो. गाडी थांबते, चहा होतो, आणि निघता निघता कुणीतरी सुस्कारा टाकून म्हणतेच, "काय सुखी आहेत ही माणसे! दारात माड, मागे फणस, ना गर्दी, ना गोंगाट." त्यांच्या सुखाच्या कल्पनेला मी धक्का लावीत नाही. मात्र गोंगाटाची खात्री करून घ्यायची असेल, तर त्यांनी एकदा सकाळी सातला आमच्या खळ्यात येऊन उभे राहावे.

सातला वानरे येतात. आधी कौलांवर एक धप्प, मग दुसरे, मग मोजदाद संपते. "माकडां इली रे!" अशी आईची आरोळी चुलीपाशी उठते आणि मी दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून, पत्र्याचा डबा बडवीत बाहेर धावतो. सौभाग्यवती वाळत घातलेली आमसुले उचलतात. धाकटी कन्या गलोल घेऊन येते, पण तिचा नेम वानरांपेक्षा आमच्या कौलांनाच अधिक महाग पडतो. वानरे माडाच्या शेंड्यावर बसून हा सगळा खेळ पाहतात. एखादे कोवळे शहाळे तोडावे, दोन चावे घ्यावेत, टाकून द्यावे आणि दुसऱ्याला हात घालावा, असा त्यांचा क्रम. फुलोऱ्यापासून नारळ तयार व्हायला वर्ष लागते. वानराला तो वाया घालवायला अर्धे मिनिट पुरते.

माझी खरी पंचाईत निराळीच. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि माझ्या आवडत्या पुस्तकांत व्यंकटेश माडगूळकरांचे 'सत्तांतर' आहे. १९८२ साली आलेल्या आणि पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणाऱ्या या छोट्या कादंबरीतली सारी पात्रे वानरेच. टोळीचा हुप्प्या म्हातारा होतो, बाहेरचा तरुण नर चालून येतो, जुन्याला हुसकावतो आणि त्याची पिल्ले मारतो. ही काही लेखकाची कल्पना नव्हे. युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने १९६०च्या दशकात धारवाडच्या रानात हे डोळ्यांनी पाहून नोंदले होते. वर्गात हे शिकवताना माझा गळा दाटून येतो. दुसऱ्या दिवशी त्याच हुप्प्याच्या सात पिढ्यांचा उद्धार मी डबा बडवीत करतो. विद्यार्थ्यांपैकी कुणी अजून आमच्या दारावरून सात वाजता गेलेले नाही, हे माझे भाग्य.

तर या वानरांवर उतारा म्हणून, आणि रात्री सुरण उकरायला येणाऱ्या रानडुकरांवरही, आम्ही मोत्या पाळला होता. गावठी, तांबूस, एक कान उभा नि एक पडलेला. दिवसा तो मोकळा असे. वानरांची आणि त्याची जुनी ओळख होती. तो बुंध्याशी उभा राहून भुंके आणि ती वरून झावळ्या हलवून त्याला चिडवीत. पण जमिनीवर उतरायची त्यांची छाती नव्हती, एवढ्यानेच आईची तोंडली आणि भोपळ्याचा वेल वाचे. मांजरीशी त्याचा तह होता. उंदीर तिच्याकडे, बाकी जग त्याच्याकडे.

रात्री मी त्याला परसात, सुरणाच्या वाफ्याशी साखळीने बांधीत असे. हे वाक्य लिहायला मला आजही जड जाते.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षातली गोष्ट. वीज गेली होती. रात्री दीडच्या सुमारास मोत्या भुंकला, मग एकदम केकाटला आणि पुढे काहीच नाही. मी विजेरी घेऊन मागचे दार उघडेपर्यंत साखळीचे तुटलेले टोक जमिनीवर पडले होते. गडग्याच्या एका चिऱ्यावर रक्त होते. पाठीमागे आई येऊन उभी राहिली होती. ती एवढेच म्हणाली, "वाघान न्हेल्यान."

आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. मोकळे कुत्रे निदान पळून बघते, माजघराच्या दाराशी येऊन ओरडते. मोत्याला मी तीही सोय ठेवली नव्हती. चार सुरणांसाठी मी त्याला आमिषासारखे बांधून ठेवले होते, आणि त्याला मी राखण म्हणत होतो.

सकाळी वाडीतली माणसे जमली. वनखात्याचा माणूस आला, त्याने ओल्या मातीतला पंजा मोजला. गाय, म्हैस, शेळी गेली असती तर सरकारी भरपाई मिळाली असती. कुत्र्याची त्या यादीत गणती नाही. मला भरपाई नकोच होती. लोकांना मात्र पिंजरा हवा होता. पहाटेच्या एस.टी.साठी पोरे अंधारात फाट्यापर्यंत चालत जातात, त्यांच्या आयांनी काय जीव मुठीत धरून बसावे? या प्रश्नाला कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही, हे मला कळत होते. तरीही मी बोललो. जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात असेच बिबटे पकडून दुसऱ्या रानांत नेऊन सोडले गेले. त्याआधी तिथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत; त्या काळात ते १७ वर गेले. उचलून परक्या मुलखात टाकलेला बिबट्या बिथरतो आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरा येऊन बसतो. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मांडणी केली आहे. त्यांनीच अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचे जेवण तपासले. वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के भक्ष्य पाळीव जनावरांचे निघाले, त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. म्हणजे बिबट्या गावात येतो तो बहुतेक वेळा आपल्या कुत्र्यांसाठी. आपण ती उघड्यावर ठेवतो म्हणून.

शेजारचे अण्णा शांतपणे ऐकत होते. गावात प्राध्यापकालाही मास्तरच म्हणतात. ते म्हणाले, "मास्तरांनू, तुमचां ह्या पुस्तक वाघान वाचल्यान हा काय?"

सगळे हसले, मीही हसलो. पिंजरा काही लागला नाही. वाडीच्या वाटेवर दोन दिवे लागले, पोरांसोबत पाळीपाळीने एक मोठा माणूस जाऊ लागला, शेळ्यांच्या गोठ्याला दार बसले. बिबट्या पुढे कधी दिसला, कधी नाही.

आमच्या घरी मात्र कुत्र्याचा विषय बंद झाला. "परत कुत्रो हाडू नको," आईने बजावले, "वाघाक वाढून ठेवतंस मां तू!" आणि वानरांना ही बातमी कुणी दिली कोण जाणे! आठवडाभरात ती खळ्यात उतरली. तोंडली गेली, केळफूल गेले. भोपळ्याचा वेल आईने स्वतःच उपटून टाकला. पंचाहत्तरीची बाई, आयुष्यभर तिने भाजी विकत आणली नव्हती. आता ती बाजारातून भोपळ्याची फोड आणून चिरताना कुणाशी बोलत नसे. "हे घर आता आपल्याच्याने राखवणार नाही, कणकवलीला बिऱ्हाड करू," असे सौ. एकदोनदा म्हणाल्या. मी ऐकले न ऐकलेसे केले. आईने ऐकले होते.

गेल्या पावसाळ्यात धाकटीने कुणाच्या तरी गोठ्यातून एक पिल्लू उचलून आणले. भिजलेले, मुठीएवढे. तिने ते थेट आजीच्या पदरात टाकले. ही युक्ती मी तिला शिकवली नव्हती. आई बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. आमच्या घरी कुत्र्याने उंबरठा ओलांडायचा नाही, हा नियम माझ्या आजोबांच्याही आधीचा. मांजर चालते, कुत्रा नाही. शेवटी आई म्हणाली, "ठेवतलास तर घरात निजवूचो. भायर नाय."

नाव ठेवले खंड्या. आता तो सव्वा वर्षाचा आहे. दिवसा तो वानरांवर भुंकतो आणि ती त्याला झावळ्या हलवून दाखवतात. भोपळ्याचा वेल पुन्हा मांडवावर चढला आहे. दिवेलागणीला आई "खंड्या!" अशी हाक घालते आणि मग पडवीतल्या दिव्याखाली रोजचा एक विधी होतो. आजी त्याचे कान उलटून धरते आणि नात चिमट्याने गोचिड्या काढून रॉकेलच्या डबीत टाकते. यात निव्वळ स्वच्छतेचा सोस नाही. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या रानात सापडलेला माकडताप २०१६ साली आमच्याच जिल्ह्यात दोडामार्गाला पोहोचला, आणि तो माणसाला होतो गोचिडीच्या चाव्याने. मेलेले वानर दिसले तर हात न लावता कळवायचे, हे आता इथली शाळकरी पोरेही सांगतात. ते रान आमच्यापासून दूर आहे, पण गोचिडीला तालुक्याची हद्द कुठून कळणार?

विधी आटोपला की खंड्या उंबरठा ओलांडून माजघरात येतो आणि आजीच्या घोंगडीच्या कडेला अंग टाकतो. कोयंडा लागतो. परवा रात्री परसात रानडुकरांची कुरकुर ऐकू आली. सुरण खणले जात होते, बहुधा सगळेच्या सगळे. खंड्या ताडकन उठून दाराशी गेला आणि गुरगुरू लागला. माझा हात सवयीने कोयंड्याकडे गेला होता.

"गप रव," अंधारातून आईचा आवाज आला. "वाघ आसा भायर."

ती हे त्याला म्हणाली की मला, ते मी विचारले नाही.