ठणका थांबल्यावर

रात्रीची जेवणे आटोपून दिवे मालवले की दाढ ठणकू लागते, दिवसभर सोसवेल इतपत असलेली कळ अंथरुणाला पाठ टेकताच कानशिलापर्यंत चढते, आणि घरातली वडीलधारी मंडळी लवंगेच्या तेलाचा बोळा पुढे करतात, हा अनुभव महाराष्ट्रातल्या फारच थोड्या कुटुंबांना अपरिचित असेल. अशा दोन-चार रात्री काढून मनुष्य जेव्हा दंतवैद्याच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि ‘रूट कॅनाल करावे लागेल’ असा निर्णय ऐकतो, तेव्हा त्या रात्रींच्या वेदनेची आणि पुढे होऊ घातलेल्या उपचाराची त्याच्या मनात सरमिसळ होते, व व्याधीने दिलेल्या यातनांचे सारे खापर उपचाराच्या माथी फुटते. ह्या उपचाराविषयीचे भय बव्हंशी ह्याच गफलतीतून जन्मले आहे, असे माझे मत आहे. म्हणून त्या खुर्चीत काय घडते ते सांगण्यापूर्वी दाढेच्या पोटात काय घडलेले असते ते पाहणे अगत्याचे आहे.

दाताचे बाहेरचे एनॅमलचे कवच हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्याच्या आत डेंटिनचा जाड थर आणि त्याच्याही आत, अगदी गाभ्यात, सूक्ष्म रक्तवाहिन्या व मज्जातंतू ह्यांनी भरलेला एक मृदू जिवंत गर असतो. बोलताना आपण त्यालाच सरसकट ‘नस’ म्हणतो. मुळाच्या टोकाशी असलेल्या अतिसूक्ष्म छिद्रातून ह्या गराला रक्ताचा पुरवठा होतो. शरीरात इतरत्र सूज आली तर ऊती फुगायला जागा असते. येथे मात्र चहूबाजूंनी कठीण भिंती, त्यामुळे किडीतले जंतू गरापर्यंत पोहोचून दाह सुरू झाला की दाब वाढत जातो आणि मज्जातंतू चेपले जातात. आडवे झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब किंचित वाढतो, आणि म्हणूनच ही व्याधी रात्रीची वैरीण ठरते. थंड पाण्याने निघालेली कळ चार-दोन क्षणांत ओसरत असेल, तर गर बहुधा वाचवता येतो व साध्या भरणीवर भागते. पण गरम चहाने उठलेली वेदना मिनिट-मिनिट रेंगाळू लागली, किंवा काहीही न खातापिता दाढ आपण होऊन ठणकू लागली, म्हणजे तो गर परतीच्या वाटेवर उरला नाही असे समजावे.

आणि मग एके दिवशी ठणका थांबतो. रोग्याला हायसे वाटते, दंतवैद्याकडची भेट तहकूब होते, कामाधामाच्या गर्दीत दाढेचा विसर पडतो. वस्तुतः येथे बरे काहीच झालेले नसते. गर मृत झालेला असतो, आणि मृत मज्जातंतूंना फिर्याद करता येत नाही, एवढाच त्या शांततेचा अर्थ. जंतू मात्र आपले काम चालू ठेवून मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात, तेथील हाड झिजू लागते, आणि काही आठवड्यांनी वा वर्षांनी हिरडीवर गळू धरते किंवा गाल सुजतो. ह्या टप्प्यावर औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकांच्या गोळ्या परस्पर आणून घेण्याचा प्रघात आपल्याकडे फार आहे, व तो मला चिंताजनक वाटतो. कारण गोळीतले औषध रक्तावाटे पोहोचते आणि मृत गराकडे रक्त जातच नाही, तेव्हा सूज तात्पुरती उतरली तरी जंतूंचे मूळ ठाणे अबाधित राहते. खालच्या दाढेची सूज जबड्याखाली वा जिभेखाली पसरून गिळण्यास किंवा श्वास घेण्यास त्रास होऊ लागला, तर एका तासाचीही दिरंगाई न करता रुग्णालय गाठले पाहिजे.

अशा दाढेचा पूर्वी बहुधा एकच निकाल लागे, तो म्हणजे ती उपटून टाकणे. १८९५ मध्ये रंटगेनने क्ष-किरणांचा शोध लावला आणि काही आठवड्यांतच दातांची छायाचित्रे निघू लागली, तेव्हा मुळांच्या आत डोकावण्याची सोय प्रथमच झाली. परंतु मुळांवर उपचार करून दात वाचवण्याच्या विद्येची वाट त्यानंतरही सरळ गेली नाही. १९१० मध्ये विल्यम हंटर ह्या ब्रिटिश वैद्याने माँट्रियल येथील व्याख्यानात दूषित तोंड हे शरीरातील नाना व्याधींचे उगमस्थान असल्याचे मत मांडले, आणि पुढील काही दशके सांधेदुखीपासून मनोविकारापर्यंतच्या तक्रारींवर उपाय म्हणून असंख्य दात, त्यांत मुळांचे उपचार झालेले दातही, निष्कारण काढले गेले. तो सिद्धांत त्या स्वरूपात पुढे शास्त्रीय कसोटीवर टिकला नाही. आपल्याकडे वरची दाढ काढली की डोळे अधू होतात ही समजूत अद्यापि आहे, तीही अशीच निराधार. दातांच्या संवेदना वाहणारी नाडी आणि दृष्टीची नाडी ह्या मुळातच भिन्न आहेत.

आता प्रत्यक्ष उपचाराकडे वळू. खुर्चीत बसण्यापूर्वी मधुमेह, हृदयविकार, गर्भारपण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, एखाद्या औषधाचे वावडे, हा सर्व तपशील डॉक्टरांना आपण होऊन सांगावा, आणि चालू गोळ्या स्वतःच्या मर्जीने बंद करू नयेत. एक्स-रे काढून झाला की भूल दिली जाते. ती बहुधा लिग्नोकेनची असते. नील्स लोफग्रेन ह्या स्वीडिश रसायनज्ञाने ते १९४३ मध्ये सिद्ध केले, आणि दंतचिकित्सेतील वेदना आटोक्यात आणण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. सुई टोचताना कळ येते ती क्षणभराची. खालच्या दाढेसाठी दिलेल्या भुलीने त्या बाजूचा अर्धा ओठ व जीभ बधिर होतात आणि दोन-तीन तास तशीच राहतात. तेवढ्या अवधीत काही चावून खाऊ नये, गरम पिऊ नये, आणि मुलांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ती नकळत ओठ चावून जखम करून घेतात. एक गोष्ट मात्र प्रांजळपणे सांगितली पाहिजे: अतिशय ठणकणाऱ्या दाढेवर, दाह तीव्र असताना, भूल कधीकधी पुरती चढत नाही. अशा वेळी मुकाट्याने सोसत राहण्यात काहीच पुरुषार्थ नाही. हात वर करावा, दुखते असे खुणावावे. जादा भूल देण्याची तजवीज असतेच, आणि प्रसंगी गरातच सुई देऊन तो बधिर करता येतो.

त्यानंतरचे काम चिकाटीचे व बारकाईचे असते. लाळेतले जंतू आत जाऊ नयेत आणि औषध वा हत्यार घशात उतरू नये म्हणून दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवतात. तो बसवण्याचा आग्रह धरणारा दंतवैद्य मला अधिक भरवशाचा वाटतो. दाताच्या माथ्यावर छिद्र पाडून सडलेला गर काढला जातो आणि मुळांमधील नलिका शोधल्या जातात. पुढच्या दातांना बहुधा एकच नलिका, खालच्या मोठ्या दाढांना सामान्यतः तीन. वरच्या पहिल्या दाढेत मात्र चौथी नलिका पुष्कळदा दडून बसलेली असते, आणि ती निसटली तर बाकीचे सारे श्रम वाया जाण्याचा संभव असतो. केसासारख्या बारीक फाइलींनी प्रत्येक नलिका मुळाच्या टोकापर्यंत साफ व रुंद केली जाते, तिची लांबी विजेच्या उपकरणाने अथवा एक्स-रेने पडताळली जाते, आणि ती नलिका पुनःपुन्हा सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावाने धुतली जाते. त्याचा उग्र वास रोग्याला येतो, त्याने दचकू नये. ह्याच रसायनाच्या सौम्य द्रावाने पहिल्या महायुद्धात डेकिन व कॅरेल ह्यांनी सैनिकांच्या दूषित जखमा धुतल्या होत्या. माझ्या समजुतीने ह्या उपचाराचा आत्मा ह्या धुलाईतच आहे, कारण नलिकांच्या ज्या फाट्यांमध्ये हत्यार शिरत नाही तेथे द्राव शिरतो.

एक बैठक साधारण तास-दीड तासाची. कधी एकाच बैठकीत काम उरकते. पू असेल तर आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून, वर तात्पुरते सिमेंट लावून, आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावतात. नलिका स्वच्छ व कोरड्या झाल्याची खातरजमा झाली की त्या गटापर्चाने बंद करतात. मलायातील वृक्षांचा हा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्रतळावरून टाकलेल्या तारायंत्राच्या तारांना ह्याचेच वेष्टन असे, आणि त्याच शतकात तो दाताच्या मुळातही पोहोचला. त्याच्याबरोबर लावल्या जाणाऱ्या लुकणांपैकी एका जुन्या व प्रचलित प्रकारात युजेनॉल असते, म्हणजे आजीच्या लवंगतेलातले तेच गुणकारी द्रव्य.

ठणका माणसाला दुसऱ्यांदा फसवतो तो ह्या दोन बैठकांच्या मध्ये. पहिल्याच दिवशी आतला दाब मोकळा होऊन दुखणे थांबते, आणि मग पुष्कळ रुग्ण पुन्हा फिरकतच नाहीत. तात्पुरते सिमेंट ही काही दिवसांचीच सोय. ते झिजते, कडेने पाझरते, आणि रिकाम्या नलिकांत जंतू पूर्वीपेक्षाही सुखाने नांदू लागतात. काहीजण नलिका भरून घेतात आणि दाढेवर शेवटी बसवायची टोपी, म्हणजे कॅप, मात्र खर्चाच्या धास्तीने लांबणीवर टाकतात. कीड आणि उपचार ह्या दोहोंनी दाढ आतून पोकळ झालेली असते, चावण्याचा भार पडला की ती उभी चिरते, आणि मुळापर्यंत चिरलेली दाढ वाचवण्याचा मार्ग सहसा उरत नाही. खर्चाची अडचण खरी आहे, ती मी नाकारीत नाही. पण मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत आणि गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात हे काम खाजगी दवाखान्यांच्या मानाने पुष्कळच स्वस्तात होते. तेथे वेळ अधिक जातो, कारण विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली पायरी-पायरीने काम करतात.

बैठकीनंतर दोन-चार दिवस चावताना दाढ हुळहुळते, साध्या वेदनाशामक गोळीने ते आटोक्यात राहते, आणि प्रतिजैविकाची गरज सहसा पडत नाही. कळ ओसरण्याऐवजी वाढत गेली, ताप आला, किंवा चेहरा सुजला, तर मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नये. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा एक एक्स-रे काढून घ्यावा, असा माझा आग्रह आहे. मुळाच्या टोकाशी दिसणारी काळी छाया लहान होत गेली, म्हणजे तेथे नवे हाड भरत आहे. बहुसंख्य दातांत ती तशी लहान होते. न झाल्यास जुनी भरण काढून नलिका पुन्हा साफ करता येतात, किंवा हिरडी उघडून मुळाचे टोकच शस्त्रक्रियेने छाटता येते. आणि ह्यांपैकी काहीच शक्य नसेल, तर दात काढून त्या जागी काय बसवावे ह्याचा विचार त्याच डॉक्टरांशी बसून करावा.