सदाचरण की समर्पण? : पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती श्रद्धेचा अन्वयार्थ

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात पंडिता रमाबाईंचे (१८५८-१९२२) स्थान आज सर्वमान्य झाले आहे. त्यांचे धर्मांतर मात्र अद्यापही वादाचा विषय आहे. या धर्मांतराची दोन स्पष्टीकरणे सामान्यतः दिली जातात. पहिल्यानुसार ते धर्मशास्त्रांनी स्त्रीला दिलेल्या हीन स्थानाचा निषेध होते. दुसऱ्यानुसार ते परदेशी मिशनरी भगिनींच्या सहवासाचा परिणाम होते. दोन्ही स्पष्टीकरणांत काही अंशी तथ्य आहे. तथापि दोहोंमध्ये एक समान गृहीतक दडलेले आहे. धर्म म्हणजे एक आचारसंहिता आणि धर्मांतर म्हणजे एका आचारसंहितेऐवजी दुसरी, अधिक उदार आचारसंहिता पत्करणे, असे ते गृहीतक होय.

रमाबाईंनी स्वतः १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी आत्मनिवेदनात याहून वेगळी हकिगत सांगितली आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली झाला. परंतु ज्याला त्या खऱ्या अर्थाने श्रद्धा म्हणतात, ती त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना गवसली. मधल्या काळात आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्यांच्या निवेदनाचा आशय आहे. या आठ वर्षांच्या अंतराचा अर्थ लावणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘विश्वास’ या संज्ञेचा ख्रिस्ती आशय

मराठी बायबलमध्ये ‘विश्वास’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दासाठी योजला आहे, तो ‘पिस्तिस’ हा शब्द केवळ एखादे मत मान्य करणे एवढाच अर्थ सुचवीत नाही. भरवसा ठेवणे, स्वतःला एखाद्याच्या स्वाधीन करणे, ही त्याची महत्त्वाची अर्थच्छटा आहे. संत पौलाने रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत या शब्दावरच आपल्या विवेचनाची उभारणी केली आहे. मजुराला मिळणारी मजुरी हा त्याचा हक्क असतो, तर देणगी हा घेणाऱ्याचा हक्क नसतो. पौलाच्या मते माणसाचे तारण हे मजुरीच्या नव्हे, तर देणगीच्या स्वरूपाचे आहे. नियमशास्त्राचे पालन करून कोणीही देवापुढे नीतिमान ठरत नाही. ख्रिस्ताच्या ठायी भरवसा ठेवणाऱ्याला देव कृपेने नीतिमान ठरवितो. येथे क्रम महत्त्वाचा आहे. सदाचरण आधी व स्वीकार नंतर, असा हा क्रम नसून स्वीकार आधी व त्यातून उद्भवणारे सदाचरण नंतर, असा आहे.

हा विचार ख्रिस्ती परंपरेतही सहजासहजी रुजला नाही. पाचव्या शतकाच्या प्रारंभी पेलागियसने मनुष्य आपल्या इच्छाशक्तीच्या बळावर ईश्वरी आज्ञा पाळू शकतो, असे प्रतिपादन केले. ऑगस्टीनने त्याला कठोर विरोध केला व ४१८ सालच्या कार्थेज येथील धर्मपरिषदेने पेलागियसचे मत त्याज्य ठरविले. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने हाच प्रश्न नव्याने उपस्थित केला. उपासतापास, जागरणे, पापनिवेदन हे सर्व करूनही या संन्याशाला मनःशांती लाभली नव्हती. २४ मे १७३८ रोजी लंडनमध्ये एका सभेत ल्यूथरची रोमकरांस पत्रावरील प्रस्तावना ऐकत असता जॉन वेस्लीला आपल्या श्रद्धेचा प्रत्यय आला. वेस्ली तोपर्यंत अनेक वर्षे दीक्षित धर्मोपदेशक होता, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. कॅथलिक व ल्यूथरन पंथांनी या प्रश्नावरील आपले मूलभूत मतैक्य एका संयुक्त घोषणापत्राद्वारे नमूद करण्यास १९९९ साल उजाडावे लागले.

भारतीय वाचकाला ही समस्या सर्वस्वी अपरिचित नाही. रामानुजांच्या परंपरेत प्रपत्तीच्या स्वरूपाविषयी दोन पक्ष निर्माण झाले. वडकलै पक्षाने मर्कटन्यायाचा आधार घेतला. माकडिणीचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहते, तद्वत जीवाकडूनही काही प्रयत्न अपेक्षित आहे. तेनकलै पक्षाने मार्जारन्याय सांगितला. मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही. आईच त्याला तोंडात धरून नेते. वारकरी संतांच्या वाणीतही शरणागतीचा भाव ठायी ठायी आढळतो. ख्रिस्ती समर्पणाचे वेगळेपण असे की, ते येशूचा क्रूसावरील मृत्यू व पुनरुत्थान या विशिष्ट घटनांशी बांधलेले आहे. माणसाने जे करावयाचे ते त्याच्यासाठी अगोदरच केले गेले आहे, असे ही श्रद्धा मानते.

अधिकाराचा प्रश्न आणि फुलहॅमचा अनुभव

रमाबाईंच्या पूर्वायुष्याकडे या दृष्टीने पाहिले असता एक सूत्र स्पष्ट दिसते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान व निष्ठावान ब्राह्मण होते. तीर्थयात्रा, पुराणकथन, व्रतवैकल्ये व दानधर्म यांतच कुटुंबाचा काळ गेला. १८७० च्या दशकातील दुष्काळात जवळचे सारे धन संपले. देवतांच्या अनुग्रहासाठी शास्त्रोक्त असे सर्व काही करूनही आईवडील व थोरली बहीण मृत्युमुखी पडली. पुढे बंधू श्रीनिवास यांच्यासह रमाबाई १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथे त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. तेथेच धर्मशास्त्रांचे वाचन करीत असता, स्त्री व शूद्र यांना मोक्षाचा अधिकार नाही, याविषयी परस्परविरोधी ग्रंथांतही एकवाक्यता आहे, असे त्यांना आढळले. अर्थात, पुण्याचा संचय पुरेसा नाही आणि संचय करण्याचा अधिकारही सर्वांना नाही, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता.

१८८२ साली प्रसिद्ध झालेला ‘स्त्रीधर्मनीति’ हा त्यांचा ग्रंथ या प्रश्नाला दिलेले पहिले उत्तर म्हणता येईल. विद्या, उद्योग, स्वावलंबन व सदाचार यांच्या बळावर स्त्रीने आपली उन्नती साधावी, असा त्याचा रोख आहे. हे उत्तर उदात्त असले, तरी ते प्रयत्नवादी आहे. ज्या स्त्रीजवळ प्रयत्नाचे बळच उरले नाही, तिने काय करावे, हा प्रश्न त्यात शिल्लक राहतो.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडमध्ये वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाच्या आश्रयास गेल्या. त्या काळात त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे नेण्यात आले. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांचे तेथे एक आश्रयस्थान होते. अशा स्त्रिया दयेस पात्र नाहीत, हेच रमाबाईंच्या कानांवर लहानपणापासून आले होते. येथे मात्र भगिनी त्यांची प्रेमाने सेवा करीत होत्या. हे कशासाठी, असे विचारता त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय, म्हणजे विहिरीकाठी येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा, वाचून दाखविण्यात आला. या स्त्रीपाशी कुल, विद्या वा चारित्र्य यांपैकी कशाचेच भांडवल नव्हते. तरीही येशू तिच्याशी बोलला. या अनुभवाने रमाबाई खोलवर हलल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व त्यांची लहानगी कन्या मनोरमा हिने बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

फुलहॅममध्ये रमाबाईंना कृपेचे दर्शन घडले होते. परंतु ते इतरांसाठी घडले होते, असे म्हणावे लागेल. स्वतःपुरते त्यांचे धर्मांतर मुख्यतः बौद्धिक व नैतिक स्वरूपाचे राहिले. फादर नेहेम्या गोरे, म्हणजेच पूर्वाश्रमीचे नीलकंठशास्त्री गोरे, यांच्या युक्तिवादाने त्यांची बुद्धी पटली होती. ख्रिस्ताच्या उपदेशातील नैतिक थोरवी त्यांना मान्य होती. एखाद्या चोखंदळ पंडिताप्रमाणे त्यांनी धर्माची परीक्षा करून तो स्वीकारला होता.

१८८५ च्या सुमारास सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात ही वृत्ती ठळकपणे दिसते. त्रैक्य, ख्रिस्ताचे ईश्वरत्व इत्यादी सिद्धांतांविषयी त्यांनी निर्भीडपणे शंका उपस्थित केल्या. क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत शब्द असावेत, असा आग्रह धरला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मुक्त झाल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड आपण मानेवर घेणार नाही, हे त्यांनी स्पष्ट बजावले. हा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाल्यापासून रमाबाईंच्या स्वतंत्र बाण्याचा पुरावा म्हणून त्याचा योग्य गौरव होत आला आहे. मात्र त्यातून त्यांची अस्वस्थताही व्यक्त होते, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदनाची स्थापना केली. पुढील वर्षी ते पुण्यास आले. संस्था उभी राहिली, कीर्ती झाली, तरीही अंतरीची पोकळी भरली नाही. या अवस्थेत त्यांच्या वाचनात विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र आले. कॉर्नवॉलमधील हा पाद्री १८५१ साली स्वतःच्याच प्रवचनाच्या ओघात व्यासपीठावर असताना पालटला. अनेक वर्षे इतरांना धर्म शिकविणाऱ्या या गृहस्थाला आपण स्वतः त्यापासून दूर असल्याची जाणीव झाली होती. रमाबाईंना त्याच्या कथेत आपले प्रतिबिंब दिसले. बाप्तिस्मा, उपासना, सत्कर्मे, अभ्यास यांवर आपण विसंबून राहिलो. पापी म्हणून, रिक्त हस्ताने मात्र आपण ख्रिस्तापाशी कधी गेलोच नाही, असे त्यांच्या ध्यानी आले.

फुलहॅमच्या स्त्रियांना जी कृपा लागू होती, तीच आणि तेवढीच कृपा पंडिता व सरस्वती या पदव्यांनी भूषित झालेल्या विदुषीलाही लागू होती. तिच्यासाठी वेगळे द्वार नव्हते. हे उमजण्यास लागलेला काळ म्हणजे ती आठ वर्षे होत. ज्यांच्यापाशी नैतिक भांडवल नाही त्यांना समर्पण सोपे जाते. ज्यांच्यापाशी ते विपुल आहे त्यांना ते सोडणे कठीण जाते.

समर्पण, स्वातंत्र्य व कार्य

या अन्वयार्थावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, समर्पण हे स्त्रीच्या स्वातंत्र्याला मारक आहे. समर्पणाच्या नावाखाली स्त्रियांना शतकानुशतके मुकाटपणे सोसावयास लावले गेले, हे खरे आहे. परंतु रमाबाईंचे समर्पण पती, पुरोहित वा संस्था यांच्यापुढे नव्हते. ते एका दैवी व्यक्तीपुढे होते व त्यामुळेच इतर सर्व सत्तांचा अंतिम अधिकार त्यांच्या लेखी संपुष्टात आला. १८९१ नंतरही त्या कोणत्याही एका चर्चच्या आज्ञेत राहिल्या नाहीत. उत्तरायुष्यात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ज्या ग्रंथाला त्या शरण गेल्या, तो दुसऱ्याच्या नजरेने वाचण्यास त्या तयार नव्हत्या.

दुसरा आक्षेप असा की, कर्मावर भर नसेल तर माणूस निष्क्रिय होईल. हा आक्षेप जुना आहे; याकोबाच्या पत्रात कर्मावाचूनचा विश्वास निर्जीव असल्याचा इशारा आढळतो. रमाबाईंचे चरित्र त्याचे उत्तर देते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो निराधार मुली व स्त्रियांना आणले आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन आकारास आले. तेथे शाळा, छापखाना, शेती, विणकाम असे उद्योग चालत. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने स्वीकारलेली दहा वर्षांची आर्थिक जबाबदारी १८९८ साली संपली, तरीही काम वाढतच गेले. त्यातील एका विभागाचे नाव येथे विशेष अर्थपूर्ण ठरते. पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी उभारलेल्या गृहाला त्यांनी ‘कृपा सदन’ असे नाव दिले. फुलहॅममध्ये जे पाहिले, ते केडगावात साकार झाले. कर्म येथे थांबले नाही. केवळ त्याची जागा बदलली. तारणाचे मोल म्हणून केले जाणारे कर्म आता तारणाचे फळ म्हणून होऊ लागले.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे आश्वासन देण्यात आले होते. रमाबाईंच्या नव्या श्रद्धेचा उत्साह संस्थेत जाणवू लागला. त्यांच्या खासगी प्रार्थनेस मुली बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली आणि १८९३ साली न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचा त्याग केला. आपल्या खोलीचे दार आपण कोणासाठी बंद करणार नाही व कोणावर सक्तीही करणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. तथापि ज्यांचा सर्वस्वी आधार एकाच व्यक्तीवर आहे, अशा निराश्रित मुलींच्या बाबतीत सक्ती व प्रभाव यांच्यातील सीमारेषा किती पुसट असते, हा टीकाकारांचा प्रश्न अनाठायी नव्हता. समर्पण जर खरोखरीच वैयक्तिक असेल, तर ते एकीने दुसरीच्या वतीने करता येत नाही. त्यासाठी नकार देण्याचे स्वातंत्र्यही तितकेच खरे असावे लागते. ख्रिस्ती श्रद्धेच्या या आकलनातूनच रमाबाईंच्या संस्थेलाही हा निकष लावता येतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, रमाबाईंचे धर्मांतर हे केवळ सामाजिक निषेध वा परकीय प्रभाव या चौकटीत मावणारे नाही. १८८३ साली त्यांनी एक धर्म स्वीकारला. १८९१ च्या सुमारास त्या स्वतः स्वीकारल्या गेल्या, अशी त्यांची धारणा झाली. वाचकाने ही श्रद्धा मान्य करावी असे नाही; परंतु ती समजून घेतल्याखेरीज त्यांच्या उत्तरायुष्यातील प्रचंड कार्याची प्रेरणा उलगडत नाही. महाविद्यालयीन अध्यापनात रमाबाईंचा उल्लेख सहसा सुधारक म्हणून होतो व श्रद्धेचा भाग संकोचाने वगळला जातो. तो वगळला की उरतात ती त्यांची कर्मे. आणि आपल्या कर्मांवरून आपली ओळख ठरू नये, हीच तर त्यांची साक्ष होती.