शंभर टक्के पासिंगची पीडीएफ

कॉम्प्युटर क्लासच्या फीचे हप्ते आणि फी परत मिळण्याच्या अटी हा विषय या वेळी घेणार होतो, पण जयसिंगपूरच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि गाडी दुसऱ्याच रुळावर गेली. त्यांच्या मुलीला सीसीएनए, म्हणजे सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं प्रमाणपत्र, करायचं आहे. पुण्यातल्या एका क्लासने त्यांना सांगितलं, "काका, पासिंगचं टेन्शनच सोडा. शेवटच्या आठवड्यात आम्ही मटेरियल देतो, त्यातलंच येतं." काकांचा प्रश्न साधा आहे : हे मटेरियल चांगलं असतं का?

काका, त्या मटेरियलला या धंद्यात डंप म्हणतात. परीक्षा देऊन आलेल्यांनी आठवून उतरवलेले, इथून तिथून गोळा झालेले काहीशे प्रश्न, उत्तरांसकट एका पीडीएफमध्ये. त्यातली कित्येक उत्तरं धडधडीत चुकीची असतात, पण पाठ करणाऱ्याला ते कळणार कसं? शिवाय परीक्षेला बसताना गोपनीयतेचा करार मान्य करावा लागतो. तो मोडल्याचं सिस्कोला आढळलं तर निकाल रद्द होऊ शकतो, पुढच्या परीक्षांना बंदीही येऊ शकते. ती भोगायची तुमच्या मुलीने. परीक्षेची नोंदणी तिच्या नावाची, ओळखपत्र तिचं. क्लासचं नाव त्यात कुठेच नाही.

एमएस-सीआयटीच्या कोर्सला अधिकृत केंद्रातूनच प्रवेश घ्यावा लागतो. सीसीएनएचं तसं नाही. घरी बसून शिकलेला माणूसही फी भरून पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रावर थेट परीक्षेला बसू शकतो. सरावासाठी सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं. मग क्लासला एवढे पैसे मोजायचे कशाचे? माझ्या मते फक्त दोन गोष्टींचे : हाताखाली मिळणारी लॅब, आणि अडलं की शेजारी उभा राहणारा माणूस. बाहेरच्या फ्लेक्सवरची निकालाची टक्केवारी सोडून द्या. कोणत्या क्लासची किती मुलं पास झाली हे सिस्को जाहीर करत नाही; उत्तीर्ण व्हायला नेमके किती गुण लागतात तेही सांगत नाही. फ्लेक्सवरचा आकडा क्लासने घरीच तयार केलेला.

पाठ करून पास होण्याचं हे दुखणं जुनं आहे. विंडोज एनटीच्या दिवसांत मायक्रोसॉफ्टचं एमसीएसई प्रमाणपत्र खिशात असलेले पण सर्व्हरला कधी हात न लावलेले लोक इतके झाले, की त्यांना 'पेपर एमसीएसई' असं नावच पडलं. रेड हॅटने यावर चांगला तोडगा काढला आहे. त्यांच्या आरएचसीएसए परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात. चालू मशीनवर कामं करून दाखवायची. आणि मशीन रीबूट झाल्यावरही केलेलं टिकलं पाहिजे, नाहीतर गुण गेले. पीडीएफ पाठ करून तिथे काय डोंबल करणार! सीसीएनएमध्येही लॅबचे प्रश्न असतात, पण बराचसा पेपर पर्यायांचाच, म्हणून डंपवाल्यांचं फावतं.

तेव्हा काका, मुलीला घेऊन डेमो लेक्चरला जा. हैदराबादच्या अमीरपेटमध्ये आधी फुकट डेमोला बसायचं आणि मग फी भरायची हा रिवाजच आहे. पुण्यातही मागितलं तर मिळतं. सरांचं इंग्रजी ऐकू नका, लॅबमध्ये काय चाललंय ते बघा. पहिल्या काही दिवसांत प्रत्येक मुलाचं एक ठरलेलं अडतं. राउटरच्या पोर्टला आयपी अॅड्रेस दिला, केबल जोडली, तरी पिंग जात नाही. कारण सिस्कोच्या राउटरचे पोर्ट मुळात बंद असतात. 'नो शटडाऊन' अशी आज्ञा दिल्याशिवाय उघडत नाहीत. स्विचचे पोर्ट मात्र सहसा आधीपासून चालू, म्हणून पोर गोंधळतं. या वेळी सर काय करतात? कीबोर्ड ओढून स्वतःच आज्ञा टाकली आणि पुढच्या टेबलाकडे गेले, तर तुम्हीही निघा. 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' टाक, काय दिसतंय वाच, असं म्हणून मुलाला 'अॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाऊन' ही ओळ स्वतः शोधू देणारा मास्तर मिळाला, तर फी थोडी जास्त असली तरी चालेल.

जाता जाता काउन्सेलरला नव्हे, तिथे महिनाभर शिकलेल्या एखाद्या मुलाला विचारा : /२६ च्या नेटवर्कमध्ये किती मशीन बसतात? होस्टसाठी सहा बिट उरतात, त्यांचे ६४ पत्ते, पहिला आणि शेवटचा वगळून ६२. मुलाखतीत हटकून विचारतात. मुलगा बोटांवर मोजून सांगत असेल तर उत्तम. "सर, ते मटेरियलमध्ये आहे" म्हणाला तर काय समजायचं ते समजा.

हप्त्यांचं आता पुढच्या आठवड्यात. तोवर कोणी कितीही 'आजच शेवटची तारीख' म्हणालं, तरी फीसाठीच्या कर्जाच्या फॉर्मवर सही करू नका.