विश्लेषण : नव्या फिशटँकमध्ये आधी मासे की आधी वनस्पती?

हौसेने आणलेली काचेची टाकी, रंगीत खडे, प्लास्टिकची झाडे आणि पहिल्याच दिवशी सोडलेले डझनभर मासे. आठवडाभरात त्यातले काही दगावतात आणि खापर फुटते दुकानदारावर. बहुतेकदा खरा दोषी असतो पाण्यात न दिसणारा अमोनिया. झपाट्याने वाढणाऱ्या साध्या पाणवनस्पती हा धोका बराच कमी करतात.

अमोनिया येतो कुठून?

माशांच्या उत्सर्जनातून आणि कुजणाऱ्या उरल्यासुरल्या खाद्यातून. त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर वनस्पती तो खत म्हणून शोषून घेतात. वाढ जितकी जलद, तितके शोषण अधिक. म्हणूनच जावा फर्न, अनुबियास चिवट असले, तरी संथ वाढीमुळे या कामी फारसे उपयोगाचे नाहीत.

मग कोणत्या निवडाव्यात?

शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात नरसाळ्याखाली ठेवलेली हायड्रिला आठवत असेल. तिचा तुकडा वाळूत खोचला तरी वाढतो. हॉर्नवर्टला तर मुळेच नसतात, नुसते तरंगत सोडले तरी चालते. व्हॅलिस्नेरियाची लांब पट्ट्यांसारखी पाने नव्या पाण्यात सुरुवातीला विरघळतात. इथेच नवखे घाबरून रोप उपटतात. मुळे शाबूत असतील तर थांबावे, नवी पाने फुटतात. या तिन्हींना महागडे दिवे किंवा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागत नाही. साध्या एलईडीचा सहा ते आठ तास प्रकाश पुरतो. खिडकीतले थेट ऊन मात्र नको, त्याने शेवाळ माजते. अंधारात वनस्पतीही प्राणवायू वापरतात, त्यामुळे दाट टाकीत रात्री एअर पंप सुरू ठेवावा. वनस्पती रुजल्यावरच मासे सोडावेत, तेही दोन-तीनच.

वाढलेला पाला कुठे टाकायचा?

नदी-तलावात अजिबात नाही. आपल्याकडची हीच हायड्रिला १९५०च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोहोचली आणि तिथले जलमार्ग तिने व्यापले. आपल्या नद्या गुदमरवणारी जलपर्णीही मूळची दक्षिण अमेरिकेतली, तिच्या सुंदर फुलांसाठी जगभर नेलेली. छाटलेला पाला कडक उन्हात पूर्ण वाळवावा आणि कुंडीतल्या मातीत मिसळावा.